सलोमीबाई आणि काळ्या मनुकांचा रस

ज्वारी भिजत घातली की तिसऱ्या दिवशी तिला आंबूस वास सुटतो. आमच्या धुळ्यात, साक्री रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर तो वास दारोदार असतो, कारण ते बिबडे घालायचे दिवस. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर बिबडा म्हणजे ज्वारीचा पापड. पण इथल्या बायकांसमोर असं म्हणू नये, त्या रागावतात. तो वास आला की मला सलोमीबाई आठवतात. बाई जाऊन आता दोन वर्षं होतील. तरी पातेल्यात मीठ टाकताना माझा हात अजून थबकतो, कारण त्या मागे उभ्या असायच्या आणि म्हणायच्या, "हात आखड, सुनंदा. वरून घालता येतं, काढता येत नाही."

त्या आमच्या शेजारी राहायच्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. पांढरी किंवा फिकट रंगाची बारीक काठाची साडी, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा, आणि ब्लाउजला डाव्या बाजूला कायम एक ओवलेली सुई टोचलेली. ती सुई सोन्याच्या पिनेसारखी मिरवायच्या. रस्त्यात कुणाचा फॉल निघालेला दिसला की "थांब गं" म्हणून तिथल्या तिथे खाली बसून टाके घालायच्या आणि दोरा दाताने तोडायच्या. एकदा गल्लीतल्या लग्नात वरमाईच्या शालूची किनार उसवली होती. मंगलाष्टकं चालू, सगळे अक्षता टाकतायत, आणि बाई वरमाईच्या पायाशी बसून शिवतायत. नंतर कुणी काही बोललं तर म्हणाल्या, "आशीर्वाद शिवतानाही देता येतो."

भेटलं की त्या "सलाम" म्हणायच्या. जुन्या ख्रिस्ती लोकांत ती पद्धत आहे. समोरचे नाना पाटील त्याला "राम राम बाई" असं उत्तर द्यायचे, मी "नमस्कार" म्हणायची, आणि गल्लीतली पोरं "सलाम बाई" असं ओरडत सायकलवरून जायची. कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

सकाळी अंगण झाडून झालं की शेवग्याखाली खुर्ची टाकून त्या प्रार्थनेला बसायच्या. प्रार्थना मोठ्याने. शिक्षकी पेशातला माणूस हजेरी घेतो तशी त्या सगळ्या गल्लीची हजेरी देवापुढे घ्यायच्या. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला, त्यामुळे पोळ्या लाटता लाटता मला सगळं ऐकू यायचं. "भावसारांच्या मुलाला यंदा पास कर. त्याने अभ्यास केला नाही, हे तुला माहीतच आहे, तरी कर." "नाना पाटलांची साखर कमी कर आणि त्यांची जीभ पण." "सुनंदाचा राग जरा आवर, रोज पोळपाट आपटते." हे ऐकून मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायची, "बाई, माझं नाव कशाला तिथे?" त्या डोळे न उघडता म्हणायच्या, "आमेन झाल्यावर बोल."

या हजेरीत शेवटचं नाव रोज एकच असायचं. "आणि कमलच्या गुडघ्यांकडे बघ, बापा. तिला चालणं होत नाही." मग थोडं थांबून, "पण चालत माझ्याकडे पाठवू नकोस."

ही कमल कोण, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

मला वाटायचं, या बाईच्या पोटात राग नावाचा पदार्थच नाही. नाना पाटलांनी निवृत्तीनंतर गाडी शिकायचं मनावर घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात ती बाईंच्या फाटकावर घातली. फाटक आडवं, कडी तुटली, जास्वंदीचं झाड मोडलं. नाना इतके शरमले की घराबाहेर पडेनात. बाईंनी दोन दिवस वाट पाहिली, मग वांग्याचं भरीत करून त्यांच्याकडे गेल्या. मी सोबत होते. नाना खाली मान घालून म्हणाले, "बाई, मनी चूक व्हयनी." बाई म्हणाल्या, "हो, झाली. भरीत गरम आहे तोवर खा." विषय संपला. फाटक उभं केलं, पण कडी त्यांनी पुन्हा बसवली नाही. म्हणाल्या, कडी नाही म्हटल्यावर लोक जास्त येतात.

मी त्यांच्या अगदी उलट. माझं माहेर शिंदखेड्याकडचं आणि रागाच्या बाबतीत आमचं घराणं नावाजलेलं. माझ्या मुलीच्या लग्नात मोठ्या जावेनं आहेराची साडी परत पाठवली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. बाईंना हे सांगितलं की त्या एवढंच विचारायच्या, "साडी कुठल्या रंगाची होती?" मी म्हणायची, "मोरपंखी." "मग चांगली होती," त्या म्हणायच्या, "तिला शोभली असती." आणि पुढचा बिबडा थापायला घ्यायच्या.

तर अशा या बाईला मी एका रविवारी चर्चमध्ये पाहिलं आणि माझा सगळा हिशोब चुकला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीच्या जागी पावाचे बारीक चौकोनी तुकडे, आणि द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुकांचा रस. तो रस बोटभर उंचीच्या काचेच्या प्याल्यांतून सगळ्या मंडळीला देतात. तो करायचं काम कित्येक वर्षं सलोमीबाईंकडे होतं. शनिवारी मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, हाताने कुस्करून पातळ मलमलीतून गाळायच्या. रविवारी सकाळी प्याल्यांची टोपली घेऊन जायचं. रिक्षावाले खड्डे बघत नाहीत म्हणून माझ्या दुचाकीवरून मी त्यांना न्यायला लागले. टॉवेलात गुंडाळलेले प्याले मांडीवर धरून त्या मागे बसायच्या आणि घरापासून चर्चपर्यंत "हळू, हळू" करायच्या. मी एवढ्या हळू जायची की पायी जाणारे पुढे निघायचे.

पहिल्यांदा गेले तेव्हा उत्सुकतेने आत जाऊन बसले. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. प्रत्येक बाकाच्या पाठीला मागून एक अरुंद फळी ठोकलेली, तिला गोल भोकं. पिऊन झालं की प्याला त्या भोकात उभा करून ठेवायचा. तबक फिरलं, ज्याने त्याने प्याला घेतला, सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. मला काही डोळे मिटायचे नव्हते, म्हणून मला दिसलं. पहिल्या बाकावर बसलेल्या सलोमीबाईंनी तबक हातात घेतलं आणि एकही प्याला न उचलता तसंच शेजारणीकडे सरकवलं.

परत येताना मी विचारलं, "बाई, स्वतः केलेला रस तुम्हीच नाही घेतला?"

"नाही घेत."

"का?"

"मनात कुणाबद्दल अढी असली तर आधी जाऊन समेट करायचा, मग तो प्याला घ्यायचा, असं आमच्यात सांगितलंय."

"मग?"

"मग काय. अजून झालं नाही." आणि लगेच, "पुढे खड्डा आहे, हळू."

त्या अढीची गोष्ट त्यांनी मला उन्हाळ्यात सांगितली, वाळलेले बिबडे ओल्या फडक्यावरून सोडवताना. हे काम सावकाश करावं लागतं, नाहीतर तुकडे पडतात. त्यांनी गोष्टही तशीच सांगितली.

सलोमी आणि कमल दोघी साक्रीकडच्या एकाच खेड्यातल्या. शिकायला म्हणून धुळ्याच्या वसतिगृहात आल्या. खाटा शेजारी शेजारी, फणी एक, तेलाची बाटली एक. शिक्षण संपत आलं तेव्हा सलोमीला जळगावचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक होता. बघायला आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, गाणं येतं का. "येतं, पण सांगितल्यावर नाही म्हणत," असं ही म्हणाली आणि तो हसला. साखरपुडा झाला. आणि महिन्याभरात काही कारण न देता त्यांनी लग्न मोडलं. पुढे जी जी स्थळं आली, ती दारातूनच परतली. का, ते कुणी सांगत नव्हतं.

"त्या दिवसांत माझ्या उशाशी बसून कोण रडलं माहीत आहे? कमल. माझ्यापेक्षा जास्त रडली."

मग खूप वर्षांनी, बाई चाळिशीला आल्यावर, मंडळीतल्या एका लग्नाला त्या जळगावच्या मुलाची म्हातारी आत्या आली होती. तिने हळहळत बाईंचा हात धरला आणि विचारलं, "आता बरं असतं ना बाळ? फेफरं येतं का अजून?" बाईंना आयुष्यात कधी फेफरं आलं नव्हतं. शाळेत एकदा तापात चक्कर येऊन पडल्या होत्या, तेवढंच. मुलगी कशी आहे, असं त्या आत्याने तेव्हा वसतिगृहात येऊन मैत्रिणीलाच विचारलं होतं. आणि मैत्रिणीने सांगितलं होतं की हिला फेफरं येतं.

"त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी तबक माझ्याकडे आलं आणि माझा हात वर झाला नाही," बाई म्हणाल्या.

मला इतका संताप आला की माझ्या हातातल्या बिबड्याचे दोन तुकडे झाले. "तुम्ही तिला जाब विचारला नाही?"

"विचारला असता तर तिने काहीतरी कारण सांगितलं असतं. मग मला ते पटवून घ्यावं लागलं असतं." थोडा वेळ त्या नुसतं फडकं ओलं करत राहिल्या. "लग्नाचं दुःख मागेच विरलं गं. तो जळगावचा मनुष्य आता आठवतही नाही. पण ती माझ्याबरोबर रडली ना, ते जात नाही."

हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना रडताना पाहिलं ते त्याच दिवशी.

आणि गंमत बघा. त्या दिवशी सोडवलेल्या बिबड्यांतले चांगले, न तुटलेले बिबडे वेगळे काढून, डब्यात भरून, त्यांनी माझ्या हातात दिले. "देवपूरला जाशील ना उद्या? हे कमलकडे टाक." कमलबाई धुळ्यातच, देवपुरात राहायच्या. यजमान गेलेले, मुलगा सुरतेला, घरात कामाला येणारी एक बाई. मी डबा घेऊन गेले की त्या दारातच डबा घ्यायच्या, छातीशी धरायच्या आणि विचारायच्या, "सलू बरी शे ना?" मी घुश्शातच "हो" म्हणायची आणि पाणीही न पिता परत यायची. बाईंच्या वाटचा राग मीच करत होते म्हणा ना.

असं दर उन्हाळ्यात. एवढंच नाही. कमलबाईंचे यजमान गेले तेव्हा शवपेटीचं पांढरं अस्तर बाईंनी शिवून पाठवलं होतं, कडेने झालर लावून. चर्चच्या लाकडी बाकावर बसणं कमलबाईंच्या गुडघ्यांना सोसत नाही असं कळल्यावर निळ्या कापडाची एक छोटी गादी शिवली, तीही मीच पोचवली. दोघी एकाच चर्चमध्ये, एक पहिल्या बाकावर, एक शेवटच्या, आणि कित्येक वर्षांत एकमेकींशी एक शब्द नाही.

मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, हे सगळं करता, मग ही क्षमा नाही तर दुसरं काय आहे?"

"ही प्रीती आहे," त्या म्हणाल्या. "वाईट करणाऱ्यावरही प्रीती करा, असं आम्हाला सांगितलंय. ते हाताने करता येतं, म्हणून करते. क्षमा हाताने होत नाही, सुनंदा. मी खूप वेळा बसले करायला."

मंडळीत नवीन पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आले. वयाने तरुण, उत्साही, मोटारसायकलवरून घरोघर जाणारे. त्यांना हे प्रकरण कळलं तेव्हा ते बाईंच्या घरी आले. मी चहा केला, त्यामुळे मला सगळं ऐकता आलं.

"बाई, क्षमा ही भावना नसते. तो निर्णय असतो."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "मी रोज सकाळी घेते तो निर्णय. संध्याकाळपर्यंत टिकत नाही."

"निदान तोंडाने म्हणा. पुढचं देव बघेल."

बाईंनी ब्लाउजवरची सुई चाचपली. "पाळकसाहेब, तो कच्चा टाका झाला. त्यावर कपडा अंगात घालता येत नाही."

पाळकसाहेब हसले, चहा प्यायले, प्रार्थना करून गेले. मात्र जाताना दारात मला म्हणाले, "माझ्या मंडळीत खोटं न बोलणारी ही एकच बाई आहे, आणि तीच प्याला घेत नाही." ते बिचारे फार खिन्न दिसले.

आता रसाचं सांगायला हवं. दर पहिल्या रविवारी चर्च सुटल्यावर कॉलेजच्या दोन मुली फळ्यांमधले रिकामे प्याले गोळा करून मागच्या खोलीत आणून द्यायच्या आणि बाई ते धुवायच्या. त्यांत दर खेपेला एक प्याला भरलेला निघायचा. कुणीतरी घेतला, पण प्यायलाच नाही. बाई तो रस मोरीत ओतत नसत. बाहेर जाऊन कडुनिंबाच्या बुंध्याशी सावकाश ओतायच्या, आणि चेहरा पाडून परत यायच्या.

"कुणाला तरी आवडत नाही माझा रस."

"एखादं पोर असेल," मी म्हणायची.

"पोरांना देत नाहीत. मोठंच माणूस आहे. घेतं आणि तसंच ठेवतं. तुरट होत असेल."

मग दुकान बदललं. मनुका जास्त वेळ भिजवून झाल्या, कमी वेळ भिजवून झाल्या. एकदा लवंग टाकली, त्यावर जुनी माणसं कुरकुरली. शेवटी साखर. आधी चिमूटभर, मग चमचाभर, मग डावाने. शनिवारी संध्याकाळी मला वाटीत चव बघायला द्यायच्या. "कसा झालाय?" मी "छान" म्हणायची, कारण नाही म्हटलं असतं तर पुन्हा पातेलं चढलं असतं. वर्षागणिक रसाचं सरबत झालं आणि सरबताचा पाक. मंडळीतली माणसं सोशिक, कुणी बोललं नाही. आणि इतकं करून तो एक भरलेला प्याला काही चुकला नाही. बाई हट्टाला पेटल्या होत्या. "त्याला आवडेस्तोवर मी सोडणार नाही," म्हणायच्या.

मग एका पहिल्या रविवारी त्या कॉलेजच्या मुली परीक्षेमुळे आल्या नव्हत्या. मी बाहेर कडुनिंबाखाली बसले होते. बाईंनी मला हाक मारली, "आत ये, प्याले उचलू लाग." चर्च रिकामं झालं होतं. दुपारचं ऊन खिडक्यांतून बाकांवर आलेलं. पुरुषांची बाजू मी घेतली, बायकांची त्यांनी. उचलता उचलता त्यांच्या बाजूचा आवाज थांबला म्हणून मी वळून बघितलं. शेवटच्या बाकापाशी त्या उभ्या होत्या. समोरच्या फळीत एक प्याला, काठोकाठ भरलेला. आणि बाकावर विसरलेली छोटी निळी गादी.

त्यांनी एका हातात तो प्याला घेतला, दुसऱ्या हातात गादी घेतली आणि त्या बाहेर निघाल्या. मी मागोमाग. कमलबाई फाटकापाशी भिंतीला टेकून रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. बाई त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. एरवी आमच्याशी शाळेतलं मराठी बोलणाऱ्या सलोमीबाई माझ्यासमोर पहिल्यांदाच अहिराणी बोलल्या.

"कमल, हाऊ प्याला तुना शे का?"

कमलबाईंनी प्याल्याकडे बघितलं. "हा."

"दर महिनाले?"

"हा वं."

"माले वाटनं, कोणले तरी मना रस आवडत नही."

"रसनं काय शे त्यामा," कमलबाई म्हणाल्या. "तू पेस नही. मंग मी कशी पिऊ? तुना प्याला मनामुळे राही गया."

"मंग घेस कसाले?"

"लोके दखतस ना."

एवढ्यात रिक्षा आली. कमलबाईंना चढता येईना. मी हात दिला. बाईंनी त्यांच्या मांडीवर निळी गादी ठेवली आणि मागे सरकल्या. रिक्षा गेली. बाई कडुनिंबाकडे गेल्या आणि तो प्याला त्यांनी इतक्या घाईने ओतला की अर्धा रस त्यांच्या पांढऱ्या साडीवर सांडला.

घरी येताना त्या "हळू" म्हणाल्या नाहीत.

मला वाटलं होतं, आता बाई विरघळतील. छे! त्या भयंकर चिडल्या. दोन दिवस मनुकांच्या बरणीकडे बघून बडबडत होत्या. "इतकी वर्षं! मी दुकानं बदलत फिरले, आणि ही बया तिथे भरला प्याला ठेवून जाते! एका शब्दाने सांगता येत नव्हतं?" मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठे बोललात?" त्यावर त्या माझ्याशी अर्धा दिवस बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतःच फाटक ढकलून आल्या आणि ओट्यावर बसल्या. "मला वाटायचं, उपाशी मी एकटीच आहे," म्हणाल्या.

पुढचा पहिला रविवार यायच्या आत कमलबाई न्हाणीत घसरल्या. कंबरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टरांनी उठायला मनाई केली. सुरतेहून मुलगा आला, चार दिवस राहिला, एक बाई रात्रंदिवस ठेवून परत गेला. अंथरुणाला खिळलेल्यांना पाळक घरी जाऊन प्रभुभोजन देतात. तशी रविवारी दुपारी वेळ ठरली. शनिवारी बाईंनी नेहमीसारखा रस केला. मला वाटी दिली नाही.

रविवारी पाळकसाहेब मोटारसायकलवर पुढे गेले. मी आणि बाई मागून. मांडीवर छोटी टोपली, तीत टॉवेलात गुंडाळलेले प्याले. देवपूरच्या त्या घराच्या दारापर्यंत मी कित्येकदा गेले होते, आत पहिल्यांदाच गेले. खाटेवर कमलबाई पडलेल्या. वाळून गेलेल्या. बाईंना बघून त्यांनी उठायची धडपड केली.

"पडी ऱ्हाय," बाई म्हणाल्या.

कमलबाईंना रडू फुटलं. "सलू, तू लगीन करीसन जळगावले निंघी जाती," त्या म्हणाल्या. "मी मांगे एकली ऱ्हाती. त्या आत्यानी इचारं आनि मना तोंडमाईन निंघी गयं. मंग माले सांगता उनं नही. माफ करी दे वं."

पाळकसाहेब हातातल्या पुस्तकाकडे बघत होते. मी, रागाच्या घराण्यातली, भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, बाई, म्हणा ना हो काहीतरी.

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "आधी पी," म्हणाल्या. "मंग बोल."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. पावाचा तुकडा दिला. मग प्याले. कमलबाईंना एक दिला, आणि तबक हातात धरून ते बाईंसमोर थांबले. विचारावं की नाही, असं त्यांना झालं होतं. शेवटी म्हणाले, "बाई?"

"झालं की नाही, मला कळत नाही, पाळकसाहेब," बाई म्हणाल्या. "पण तिला एकटीला नाही पिऊ देणार."

आणि त्यांनी प्याला उचलला. मी यावेळी डोळे मिटले. आपोआप मिटले. उघडले तेव्हा कमलबाईंच्या हातात रिकामा प्याला होता आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालेलं.

"सलू, कितलं गोड करं वं हाई!"

बाईंनी स्वतःच्या जिभेवरून चव फिरवली. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः तो रस कधी चाखला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. चव बघायला त्या मलाच द्यायच्या. "हो गं," म्हणाल्या, "पाकच झालाय नुसता." आणि माझ्याकडे वळून, "सुनंदा! छान म्हणायचीस ना?"

मग त्या हसायला लागल्या. कमलबाईही हसायला लागल्या, मोडक्या कंबरेला हात धरून, कळ आली की "ओ माय" करत आणि पुन्हा हसत. पाळकसाहेबांना हसावं की नाही ते कळेना, तेही हसले. मी मात्र रडत होते. कुणी विचारलं असतं तर कांदा कापलाय असंही सांगायची सोय नव्हती.

त्यानंतर बाई रोज दुपारी देवपूरला जायला लागल्या. सकाळच्या हजेरीतली ती शेवटची ओळ तेवढी बदलली, "कमलच्या गुडघ्यांकडे बघ," एवढंच म्हणून आमेन. त्या उन्हाळ्यात बिबडे घालायला आल्या नाहीत, वेळच नव्हता. आम्ही बायकांनीच घातले. मी पहिला डबा भरला आणि देवपूरला घेऊन गेले. पुढे पंधरवड्याच्या आत बाई झोपेतच गेल्या, त्यामुळे माझ्या नजरेत राहिल्यात त्या त्याच दुपारच्या बाई.

दार उघडंच होतं. मी हाक मारली नाही. कमलबाई भिंतीला टेकून बसलेल्या, पाय लांब केलेले, साडी गुडघ्यांच्या वर. बाई खाली चटईवर बसून त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या. रोज सकाळी देवापुढे ज्यांचं नाव घेतलं, ते गुडघे त्यांच्या हातात होते. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो त्या मनगटाने वर सारत होत्या. आणि तोंडाने एकसारख्या रागवत होत्या, पायात चप्पल न घालता न्हाणीत जातं का कुणी, म्हणून.

कमलबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि परत आले.